उंबरावरचा निजलेला डोळा

“या गल्लीत माझ्या शब्दावर एकाचाही विश्वास नाही!” असं सुलसा साळीण पंचांपुढे ओरडत होती, त्या काळी प्रतिष्ठान नगरीत राजा सुबाहू राज्य करीत होता आणि बोधिसत्त्व तिचा नवरा सोमिल साळी होऊन जन्मले होते.

बोधिसत्त्वांना मागावरचं काम सुटलं की एकच नाद. परसात उंबराची रोपं वाढवायची आणि त्यांवर अंजिराचा डोळा, म्हणजे फांदीवरचा न फुटलेला कोंब, बसवायचा. नुसतं अंजीर लावलं की तिथल्या काळ्या मातीत मुळं कुजत. उंबराची मुळं मात्र चिवट. म्हणून ते उंबराची साल चिरत, चीक पुसत, अंजिराचा डोळा आत सरकवत आणि सुताने बांधत. तीन वर्षं हेच चाललं होतं. दर वर्षी बांधलेल्या जागेखालून उंबराचेच फुटवे येत आणि डोळा तेवढा नाहीसा होई.

सुलसाने चोर केव्हाच ठरवला होता. शेजारची कोंडिका. नवरा नाही, मूल नाही, आणि कुंपणातून उंबरं वेचायला रोज आत येते. दुसरं कोण खुडणार?

“सरळ सांग गं, कशाला खुडतेस?”

“मला कशाला हवेत तुझे डोळे?” कोंडिका म्हणाली. “मला माझे दोन पुरतात.”

लोक हसले. सुलसाचा पारा आणखी चढला. तिने इतका धोशा लावला, की शेवटी पंचांचा प्रमुख, साळ्यांचा जेठा, म्हणाला, “बरं. चोरी सिद्ध झाली तर कोंडिकेने गल्ली सोडायची. तिचं परस सोमिलाला.”

कोंडिकेचं हसू मावळलं. त्या परसाखेरीज तिला जगात जागा नव्हती. बोधिसत्त्वांना मात्र त्या परसात शंभर रोपं लावता आली असती.

“अंजिराचा चीक बोटांवर काळा पडतो आणि महिनाभर जात नाही,” सुलसा गरजली. “दाखव हात!” आणि तिने स्वतःचाच हात उगारला.

बोधिसत्त्वांनी तो हात पाहिला. अंगठा आणि तर्जनी, दोन्ही काळी. क्षणभर ते गप्प राहिले असते, तर परस त्यांचं होतं आणि बायकोची अब्रूही राहिली असती. ते उठले.

“सुलसे, आधी आपल्या घरचे हात पाहू.”

“अहो, ही चुलीची काजळी!”

“बांधलेल्या सुताखालून तू काही काढतेस का?”

“काढते की! वाळकी खपली असते तिथे, मेलेली. खालचे हिरवे फुटवे गुदमरतील म्हणून रोज बघून काढते. घर झाडायचं आणि झाड नाही होय?”

“ती मेलेली नसते. निजलेली असते. तोच अंजिराचा डोळा.”

बोधिसत्त्व जेठाला म्हणाले, “चूक माझी. मी कलम बांधलं, पण घरात सांगितलं नाही. कोंडिकेचं परस कोंडिकेचंच राहो.”

कोंडिकेने पदराने डोळे पुसले आणि सुलसाकडे पाहिलं. “बाई, पुढच्या साली सुताऐवजी तुझे हात बांध.”

पुढच्या साली रोपं कोंडिकेच्या परसात ठेवली. ती राखणीला बसली आणि रस डोळ्याला पोचावा म्हणून खालचे उंबराचे फुटवे खुडत राहिली. डोळा जागा झाला. दुसऱ्या वर्षी सात अंजिरं धरली. सुलसाने पहिलं अंजीर कोंडिकेच्या हातावर ठेवलं.

विहारात जमलेल्या संघाला ही कथा सांगून शास्ते भगवान म्हणाले, “कोंडिका म्हणजे ही भिक्षुणी पद्मिला. विहाराचं जलपात्र फोडल्याचा आळ आज तिच्यावर आहे. जेठा म्हणजे हा संघ. सोमिल साळी मीच होतो. लाभ समोर असताना आपल्याच घरचा हात आधी पाहणं, ही सत्य-पारमिता, सत्याची पूर्णता.”

“आणि डोळे खुडणारी?” कुणीतरी विचारलं.

पद्मिलेवर आळ घेणारी भिक्षुणी मागच्या ओळीतून उठली. तिने आधी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग मान वर करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, ती म्हणाली, “सुलसा मीच.”