देवीवर छिन्नी नाही

हातपाय पांघरुणात घ्या आणि ऐका.

एकदा काय झालं, समुद्राकाठी एक बंदर होतं. तिथं पालित नावाचा सोनार राहायचा. रोमचे व्यापारी गलबतातून यायचे, मिरी न्यायचे, चांदीची नाणी द्यायचे. नाण्याच्या एका अंगाला त्यांच्या राजाचं तोंड, दुसऱ्या अंगाला देवी. कुणा देवीला पंख, कुणाच्या हातात कणसं, कुणाच्या हातात मशाल.

चांदी खरी की खोटी, हे पालित छिन्नीच्या एका घावात सांगायचा. पण घाव कायम राजाच्या तोंडावर, बरं का. देवी परक्यांची असली तरी देवीच. तिला छिन्नी लावायची नाही, ही त्याच्या आजापासूनची रीत.

मग बंदराच्या राजानं हुकूम काढला. कुठल्याच राजाच्या तोंडावर घाव नको, देवीवर घाला. पालितच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो म्हणाला, "हे माझ्या हातून होणार नाही."

राजानं त्याची भट्टी विझवली, छिन्नी हिसकावून घेतली. चाळीस वर्षं राबलेला हात रिकामा केला. याला काय राज्य म्हणायचं?

मग राजा स्वतःच छिन्नी घेऊन ऐरणीपुढं बसला. पहिला घाव पंखवालीवर. ती नाण्यातून भुर्रकन उडाली. वारा पडला, गलबतं जागच्या जागी उभी. राजा शहाणा झाला का? नाही. दुसरा घाव कणसवालीवर. तीही निघून गेली. कोठारातल्या दाण्यांची फोलपटं झाली. तिसरा मशालवालीवर. तीही गेली. गावातल्या सगळ्या चुली विझल्या. लेकरं उपाशी.

मग आला राजा पालितच्या दारी. मागं सगळा गाव.

पालितची बायको सामा म्हणाली, "या महाराज. पाहुणचार काय करू? चूल तर तुम्हीच विझवलीत."

पालित म्हणाला, "घाव एकच उरलाय. तुमच्या छापाचं नाणं ठेवा ऐरणीवर, तुमचं तोंड वर करून."

राजाचा चेहरा उतरला. पण गाव बघत होता. नाणं ठेवावं लागलं. पालितनं आजाची जुनी छिन्नी काढली आणि घाव घातला. आत नुसतं तांबं. चांदी वरवरची, कांद्याच्या सालीएवढी. म्हणून या शहाण्याला राजाच्या तोंडावर घाव नको होता.

राजानं मान खाली घातली आणि छिन्नी पालितच्या हातात ठेवली. तशा तिन्ही देवी आपापल्या नाण्यात परत आल्या. वारा सुटला, दाणे भरले, चुली पेटल्या. राजाची खोटी नाणी पालितच्याच भट्टीत वितळली.

मग सगळा गाव पोटभर जेवला आणि सुखानं झोपला. तुम्हीही झोपा. दिवा मी विझवतो.