ठकाजीची घागर

चिंचखेडच्या ख्रिस्ती वस्तीवर दरवर्षीप्रमाणे उपदेशक कृपादासबाबांचा मुक्काम होता. दिवसभराची उपास-प्रार्थना आटोपली की बाबांनी निवडलेल्या माणसाच्या हातचं घोटभर पाणी पिऊन सगळ्यांनी उपास सोडायचा, अशी तिथली रीत. त्या वर्षी बाबांनी निवडलं ठकाजीला!

हा ठकाजी एकेकाळचा हातभट्टीवाला. दारू गाळायचा आणि गाळता गाळता ढोसायचा. बायकोच्या अंगावर फुटका मणी उरला नव्हता. दोन वर्षांपूर्वी बाबांच्या प्रार्थनेत तो ढसाढसा रडला, प्रभूला शरण गेला आणि त्या दिवसापासून थेंबाला शिवला नाही.

पण मंडळीचे पंच शलमोनराव यांच्या पोटात दुखू लागलं. आजवर हा मान त्यांचा होता.

"बाबा, भट्टीवाल्याच्या हातचं पाणी? अहो, ह्याचं पाप नुसतं झोपलंय. वास आला की उठेल बघा!"

बाबा हसले. म्हणाले, "झोपलेलं नाही, शलमोनराव. ठकाजीतला तो जुना दारुडा माणूस प्रभूबरोबर वधस्तंभावर मेलाय."

पंचांना ते फार झोंबलं. ज्यांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता, ते गृहस्थ दुपारी शेजारच्या गावी जाऊन दारू घेऊन आले, तीही उपरण्याखाली झाकून! सगळे प्रार्थनेत असताना त्यांनी प्रार्थनामंदिरामागे उपास सोडण्यासाठी ठेवलेल्या घागरीतलं पाणी ओतून दिलं आणि तिच्यात दारू ओतली.

ऊन कललं तसा ठकाजी घागर न्यायला आला. झाकण सरकवताच तो जुना वास नाकात शिरला. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला सांगा! घशाला दिवसभराची कोरड, आजूबाजूला चिटपाखरू नाही. हात आपसूक वाटीकडे गेला. तो हात त्याने दुसऱ्या हाताने घट्ट धरला आणि गुडघे टेकले.

"प्रभू, म्या तुजा हाय. आता हिचा न्हाय."

काय ती प्रभूची करणी! तहान तशीच राहिली, पण दारूची ओढ पार निघून गेली. घागर ओतून द्यायला तो उठला, तोच शलमोनराव दहा माणसं घेऊन हजर.

"बघा, काय चाललंय ते! वास घ्या, वास!"

मागोमाग बाबा आले. "ठकाजी, काय आहे हिच्यात?"

"दारू हाय, बाबा. कुनी घातली ठावं न्हाय. म्या थेंब चाखला न्हाय."

"तिची तुझ्यावर सत्ता आहे?"

"न्हाय, बाबा! प्रभूनं सोडवलंय मला!"

बाबांनी घागरीवर हात ठेवला. म्हणाले, "मग त्याच्याच नावानं वाढ. पहिली वाटी पंचांना."

ठकाजीने धार धरली. नितळ पाणी! शलमोनरावांनी हुंगलं, घोट घेतला. गार, गोड पाणी. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. घागरीत काय ओतलं होतं, हे त्यांच्याइतकं पक्कं कोणाला ठाऊक होतं?

"बाबा, मीच ओतली हो! ह्याच हातांनी!" असं म्हणून ते बाबांच्या पायांवर वाकले.

बाबा मागे सरले. म्हणाले, "माझ्यापुढे नको, प्रभूपुढे वाका. ठकाजी दोन वर्षांपूर्वीच सुटला, शलमोनराव. आज तुमची पाळी आहे."

पंचांनी तिथेच मातीत गुडघे टेकले आणि कपाळ जमिनीला लावलं. ठकाजीने त्यांना दंडाला धरून उठवलं.

"उठा, पंच. मानसं तहानल्यात. धरा घागर माझ्यासंगं."

प्रभू येशूच्या जयजयकारात त्या दोघांनी मिळून साऱ्या मंडळीला पाणी वाढलं.