वाघिणीच्या वाट्याची गाय

पूर्वी वेणुमती नगरात अरिंजय राजाची सत्ता होती, तेव्हा बोधिसत्त्व त्याच्या पदरी अमात्य होता. राजा दयाळू होता आणि आपण दयाळू आहोत हे त्याला ठाऊकही होते. अरण्याकाठच्या गवळ्यांची गाय वाघाने मारली, तर मेलेली गाय आणून दाखवावी आणि राजाच्या गोठ्यातली जिवंत गाय घेऊन जावी, असा त्याने नियम केला होता.

मेलेल्या गाई पाहायला सुमुख नावाचा अधिकारी नेमलेला होता. आधी नुसता कान दाखवला तरी चालत असे. मग कोणा हुशार माणसाने एकाच गाईचे दोन कान वेगवेगळ्या दिवशी आणून दोन गाई नेल्या. तेव्हापासून सुमुख अख्खी गाय मागू लागला. तो वेशीजवळच्या वडाखाली बसे. गवळी गाय ओढत आणत, तो नाकाला उपरणे लावून मान हलवी आणि गाय पुरली जाई.

त्या वर्षी एका वाघिणीने गाई मारण्याचा सपाटा लावला. राजाने तिला मारायचे ठरवले. पारध्यांनी खड्डा खणून ठेवला.

"अमात्य, हे काम तुम्ही पार पाडा," राजा म्हणाला. "महामात्याचे आसन रिकामे आहे. त्यावर वाघिणीचे कातडे शोभेल आणि कातड्यावर तुम्ही."

सुमुखाला वाईट वाटले. वाघिणीसाठी नव्हे, त्या आसनावर त्याचाही डोळा होता.

बोधिसत्त्व म्हणाला, "महाराज, तिने मारलेली गाय आपण तिच्यापुढून उचलून आणतो. ती उपाशी राहते, म्हणून दुसरी मारते. पुढची गाय पडेल तिथेच राहू द्या. ती संपण्याआधी तिने दुसरी मारली, तर खड्डा आहेच, आणि मीही पद सोडीन."

"मग गाय पाहायची कोणी?" सुमुखाने विचारले.

"तुम्ही. तिथे जाऊन."

"म्हणजे मी गाईकडे जायचे?"

"ती मेलेली असते, सुमुख. चालणे तुम्हालाच सोपे."

दरबार हसला आणि राजाने होकार दिला. सुमुखाने ते हसणे जपून ठेवले.

लवकरच तिष्या गवळणीची कपिला ओढ्याकाठी मारली गेली. सुमुखाने मनाशी जुळणी केली. गाय हलली की वाघीण उपाशी राहील, उपाशी राहिली की दुसरी मारेल, आणि अमात्य आपल्या शब्दाने घरी जाईल. तो तिष्येला म्हणाला, "रीत ती रीत. गाय ओढून वडाखाली आण."

"अमात्य सांगून गेलेत, हात लावायचा नाही."

"वाघिणीची एवढी कड घेतेस?"

"कड कसली? कपिलेला मी हाताने पेज पाजून वाढवली. ती त्या मेलीच्या पोटात जाते ते मला गोड वाटतं का? पण तिला हलवली तर उद्या माझी गौरी जाईल. तुम्हाला ओढायचीच असेल तर हा घ्या दोर. शिंगांना बांधा हो, शेपटीला नको."

दिवस कलताना सुमुख एकटाच ओढ्यावर गेला. त्याने दोर बांधला आणि ओढला. गाय हलली नाही. आजवर त्याने ओढून आणलेल्या गाईच पाहिल्या होत्या. ओढणारे कोण, कसे, याकडे त्याचे लक्ष गेले नव्हते. इतक्यात झुडपामागे कोणीतरी खाकरले. ते माणसाचे खाकरणे नव्हते. सुमुख करंजाच्या झाडावर कसा चढला, हे त्यालाही पुढे सांगता आले नाही.

वाघीण आली. मागे दोन पिले होती. जेवायला बसलेला अधिकारी दारातल्या माणसाकडे पाहतो, तसे तिने एकदाच वर पाहिले आणि ती खाऊ लागली. एक पिलू दोराच्या टोकाशी खेळत राहिले. त्याच्या बरगड्या सुमुखाला झाडावरूनही दिसत होत्या.

सकाळी बोधिसत्त्व तिष्येला घेऊन आला. त्याने शिंगांना बांधलेला दोर पाहिला, मग वर पाहिले.

"उतरा, ती गेली," तो म्हणाला. गाठ सोडून, दोर गुंडाळून त्याने तिष्येच्या हाती दिला.

"गाठ बाकी उलटी मारलीत हं," तिष्या म्हणाली.

कपिला संपेपर्यंत दुसरी गाय मेली नाही. राजाने भर दरबारात विचारले, "वाघीण त्याच गाईकडे परत येते, हे पाहिले कोणी?"

सुमुख खांबाआड सरकला. दोराचे नाव निघाले असते, तर त्याला वडाखालची जागाही उरली नसती.

"सुमुखाने," बोधिसत्त्व म्हणाला. "ते स्वतः तिथे गेले होते. रात्रभर झाडावर होते."

यात एकही शब्द खोटा नव्हता. सुमुख पुढे आला. मग म्हणाला, "खरे आहे, महाराज. ती परत आली. पिले होती बरोबर. भुकेली होती."

राजाने खड्डा बुजवला. महामात्याच्या आसनावर साधे कांबळे अंथरले गेले आणि बोधिसत्त्व त्यावर बसला. सुमुख पुढे प्रत्येक गाईपाशी स्वतः जात राहिला, वाटभर कुरकुरत; पण दोर मात्र त्याने पुन्हा बरोबर नेला नाही.

शास्त्याने, म्हणजे भिक्षूंच्या गुरूने, ही कथा सांगितली तेव्हा भिक्षू वप्पक समोर बसला होता. विहारातली माकडे भिक्षान्न पळवतात म्हणून त्याने सकाळीच अंगणात त्यांना पकडायला फासे लावले होते. शास्ता म्हणाला, "त्या वेळचा राजा म्हणजे हा विहार बांधून देणारा श्रेष्ठी. तिष्या म्हणजे वेशीवर आपल्याला भिक्षा घालणारी उपासिका. सुमुख म्हणजे, वप्पका, तूच. आणि अमात्य मी होतो."

"आणि वाघीण?" वप्पकाने विचारले.

"ती या जन्मी तुझी आई झाली."

वप्पक उठला आणि फासे सोडायला अंगणात गेला. वाघीण आणि सुमुख या दोघांवर बोधिसत्त्वाने सारखीच केलेली ही माया म्हणजे धर्मात सांगितलेली मैत्री होय.