कुंभाराचं वाक्य

“पण माझं च... च... चुकलं कुठं, काका?”

एवढं विचारायला शर्वाणीला बराच वेळ लागला. समोर बसलेले खांबेटे काका तोवर निवांत मटार सोलत होते.

प्रश्न पुरा झाला, तेव्हा त्यांनी मान वर केली.

“घे, तूही सोल,” ते म्हणाले आणि शेंगांचं ताट दोघांच्या मध्ये सरकवलं.

शर्वाणीला राग आला. साताऱ्याहून वाईला ती काही मटार सोलायला आली नव्हती.

ती आली होती चिंचबनासाठी.

चिंचबन हे गाव नकाशात शोधायला जाऊ नये. ते फोनमध्ये आहे. बरीचशी हौशी मंडळी तिथे रोज जमतात, प्रत्येक जण एक सोंग घेतो आणि सगळे मिळून लिहीत लिहीत गाव चालवतात. कुणी वाणी, कुणी वैदू, कुणी कुंभार. बोलायचं ते लिहून, भांडायचं ते लिहून. लग्नंसुद्धा लिहूनच लागतात, आणि त्यात रुसवेफुगवेही होतात. नवा माणूस गावात येतो तो नदी उतरून. त्याला पलीकडून आणणारा नावाडी म्हणजे हे खांबेटे काका. गाव त्यांनीच वसवलेलं. नावेत बसवताना ते प्रत्येकाला एकच गोष्ट सांगतात. आपण आपलं लिहायचं, दुसऱ्याचं दुसऱ्याला लिहू द्यायचं.

शर्वाणीलाही सांगितली होती. तिला वाटलं, हे नवशिक्यांसाठी असणार.

कारण शर्वाणी लिहायची झकास. तोंडात शब्द अडायचे, पण बोटं कधी अडली नाहीत. तिची विद्युल्लता गावात उतरली तीच मुळी कमरेला तलवार लावून. आल्या आल्या तिने दरोडेखोर पिटाळले, वाण्याच्या मापातली खोट पकडली, वैदूला न उतरवता आलेला ताप उतरवला. वाणी चळचळा कापला, हे तिनेच लिहिलं. वैदू तिच्या पाया पडला, हेही तिनेच. लोक आधी हसले, मग कुरकुरले, मग तिला उत्तर देईनासेच झाले.

आणि काल गावाने नावाड्याकडे तक्रार नेली. या बाईला परत पलीकडे सोडून या.

म्हणजे काढून टाका. निर्णय काकांच्या हातात होता. त्यांनी घरचा पत्ता पाठवून ‘ये एकदा’ एवढंच लिहिलं, आणि शर्वाणी सकाळच्या एसटीने निघाली. ऑफिसात ती बोलायची नाही, घरी जेवढ्यास तेवढं बोलायची. पोटभर बोलावं अशी जागा तिला जगात एकच मिळाली होती. ती जागा गेली असती तर तिचं कसं झालं असतं, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

“ते ज... जळतात माझ्यावर,” ती म्हणाली.

काकांनी पुढची शेंग उचलली.

“मी ल... लिहूनच दाखवते तुम्हाला.” तिने फोन काढला. “उगाच तुमचा वेळ जातोय.”

“मला कुठं जायचंय?” काका म्हणाले. “ठेव तो फोन. बोल.”

...

“तुम्हाला नाही क... कळणार, काका. मला कुणी बोलूच देत नाही. मी तोंड उघडलं की लोक माझं वाक्य ओढून नेतात.”

काकांनी एक शेंग उघडली. पुढचं ऐकायला थांबले.

मग शर्वाणीने त्यांना बारशाची गोष्ट सांगितली. तिला वेळ लागला. इथे ती थोडक्यात सांगतो.

तिच्या भावाला मुलगी झाली. बारसं वहिनीच्या माहेरी, कासेगावला होतं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे शर्वाणीचा. आता, कुजबुजताना शर्वाणी अजिबात अडखळत नाही. हे फारसं कुणाला ठाऊक नाही, कारण तिच्याशी कुजबुजायला कोण येतं? कधी नव्हे ते चारचौघांत एक शब्द तिला धडपणे म्हणता येणार होता. ती कितीतरी दिवस उशीला ते नाव सांगून बघत होती. पाठीत धपाटे खायलाही एका पायावर तयार होती.

बारशाच्या दिवशी ती साताऱ्याला कोल्हापूरच्या गाडीत बसली. कंडक्टर आला.

“का... का...”

“कराड,” कंडक्टर म्हणाला. तिकीट तिच्या हातात ठेवलं आणि पुढच्या बाकाकडे गेला.

माणूस वाईट नव्हता. गाडी भरलेली होती, बाई अडलेली दिसली, त्याने आपली मदत केली. आजूबाजूची माणसं बघत होती. शर्वाणीने मान हलवली आणि तिकीट पर्समध्ये टाकलं.

ती कराडला उतरली. पुढची गाडी मिळेपर्यंत स्टँडवर उभी राहिली. कासेगावला पोचली तेव्हा पाळणा हलत होता. सगळे खोळंबले म्हणून चुलत बहिणीने नाव सांगून टाकलं होतं. शर्वाणीच्या हातावर पेढा ठेवला गेला. तो तिने खाल्ला, आणि कसा होता म्हणून विचारल्यावर छान आहे म्हणून सांगितलंही.

“त्याला थ... थांबता आलं असतं, काका. मी स... सांगतच होते की.”

“हो,” काका म्हणाले. “सांगत होतीस.”

त्यांनी हे इतक्या हळू म्हटलं, की शर्वाणीचा राग कुठल्या कुठे गेला. तिनेही एक शेंग उचलली.

...

“कुंभाराचं काय झालं?” काकांनी विचारलं.

शर्वाणीचा चेहरा खुलला. ही तिची सगळ्यात आवडती जागा होती. चिंचबनातल्या कुंभाराचा मुलगा भांडून घर सोडून गेलेला. कुंभार आपला गाडगी-मडकी करायचा, पण मुलाचं नाव काढायचा नाही. कुणी काढलं तर उठून आत जायचा. विद्युल्लतेने त्या मुलाला शोधून काढलं आणि बापाच्या दारात आणून उभं केलं.

“मग?”

“मग कुंभार र... रडला. पोराला पोटाशी धरलं. म्हणाला, ‘तू आलास, माझ्या मातीचं सोनं झालं. झालं गेलं मी सगळं विसरलो.’”

“हे कुंभाराने लिहिलं?”

“...मी.”

“बरं. त्यावर कुंभार काय म्हणाला?”

“काहीच नाही. त्या दिवसापासून चाकावरही ब... बसला नाही. आलाच नाही गावात.”

काकांनी हातातली शेंग खाली ठेवली.

“पण वाक्य बघा ना काका! किती सुंदर आहे! वाचून मलाच रडू आलं. त्याला एवढं स... सुचलंच नसतं.”

काका ताटातले दाणे बोटांनी सारखे करत राहिले.

“सुंदरच आहे,” ते म्हणाले. “कराडसुद्धा चांगलं गाव आहे.”

...

शर्वाणीच्या हातातली शेंग अर्धी उघडून तशीच राहिली.

खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला. काकांनी तिच्याकडे पाहिलं नाही, आणि ते बरंच झालं. तिला रडायला येत होतं आणि ते कुणी पाहावं असं तिला वाटत नव्हतं.

“तो काय म... म्हणणार होता, काका?”

“मला काय माहीत?”

“खरा कोण आहे तो?”

“त्याला वाटलं तर तो सांगेल.”

“रागावलाय माझ्यावर?”

“तेही तोच सांगेल.”

शर्वाणीने ओढणीने डोळे पुसले. विचारायचंच होतं ते अजून राहिलं होतं.

“मला प... प...”

काका थांबले. आता त्यांच्या हातात शेंगही नव्हती. ते नुसते थांबले.

“प... पलीकडे सोडणार का?”

“नावेला भोक पडलंय,” काका म्हणाले. “दुरुस्तीला वेळ लागेल. गावालाही तसंच कळवलंय. तू तोवर कुंभाराकडे जाऊन ये.”

शर्वाणीला हसू फुटलं. तिने फोन उचलला.

आधी तिने ते सुंदर वाक्य पुसलं. पुसताना जीव हळहळला, खोटं कशाला बोला. मग ती लिहायला लागली. ‘विद्युल्लता कुंभाराच्या दारात आली. तिला बघून कुंभाराने डोळे टिपले आणि...’

ती थबकली. चोरून काकांकडे पाहिलं. ते शेंगांची टरफलं गोळा करत होते.

कुंभाराचे डोळे तिने खोडले.

शेवटी राहिलं ते एवढंच. ‘विद्युल्लता कुंभाराच्या दारात आली. तलवार तिने बाहेर ठेवली. म्हणाली, दादा, त्या दिवशी तुमचं बोलणं मीच बोलून टाकलं. माझं चुकलं. तुमचा मुलगा अंगणात उभा आहे. पुढचं तुम्ही सांगाल तसं.’

तिने पाठवून दिलं. एवढं तोकडं तिने आजवर कधीच लिहिलं नव्हतं. तिला उघडं पडल्यासारखं झालं.

फोन दोघांच्या मध्ये ताटाशेजारी ठेवला.

बराच वेळ काही झालं नाही. मग पडद्यावर खाली बारीक अक्षरं उमटली.

‘कुंभार लिहीत आहे...’

शर्वाणी पुढे वाकली.

अक्षरं गेली.

थोड्या वेळाने पुन्हा आली. ‘कुंभार लिहीत आहे...’ पुन्हा गेली. पुन्हा आली.

शर्वाणीचे हात शेंगांकडे गेले. शेंगा संपल्या होत्या.

तिला हे सगळं ओळखीचं होतं. पहिलं अक्षर तोंडाशी येतं, आत जातं, परत येतं, आणि समोरचा घड्याळाकडे बघायला लागतो. या बिचाऱ्याला दोन शब्द सुचवावेत, त्याची सुटका करावी, असं तिला फार फार वाटलं. तिचं बोट आपोआप फोनपाशी गेलं.

“तो अ... अडलाय, काका,” ती कळवळून म्हणाली. “थोडीशी म... मदत करू?”

काकांनी दाण्यांचं ताट बाजूला ठेवलं आणि भिंतीला पाठ टेकून आरामात बसले.

“तुला कुठं जायचंय?”