तिसरी बाटली

आपली धुण्याची पावडर नदीत आपोआप नाहीशी होते, असा दाखला न्यायला कारखानदार दाभाडकर प्रयोगशाळेत आले. तपासनीस हेमलताबाईंनी नकार दिला.

"अठ्ठावीस दिवसांत नदीतल्या जंतूंनी तुमची पावडर खाल्लीच नाही."

"तुमचे जंतूच मेलेले असतील!"

असली बोलणी बाईंच्या अंगवळणी पडली होती. म्हणूनच त्या चाचणीला नेहमी नदीच्या पाण्याच्या तीन बाटल्या लावत. पहिलीत नुसती पावडर होती. त्यांनी दुसरी दाखवली.

"याच जंतूंनी यातली साखर आठवड्यात फस्त केली."

"मग लाडावलेत मेले! गोडच हवं त्यांना."

बाईंनी तिसरी पुढे सरकवली.

"हिच्यात साखरही होती आणि तुमची पावडरही. साखर जशीच्या तशी आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे जंतू मेलेत, हे तुमचं अगदी बरोबर. ते कशानं मेले, तेवढं मी दाखल्यावर लिहून देते."