गडगड्या आणि टिटवीची चार अंडी

पाय पांघरुणात घ्या आधी. हां. तर एक होता राजा, आणि त्याच्याकडे होता एक रोडरोलर. हसता काय? राजाकडे नसावा का? त्याचं नाव गडगड्या. चाक एवढं थोरलं, की खाली येईल त्याची पोळीच. म्हणून त्याच्या जवळ कुणी फिरकत नसे. चिमणीसुद्धा टपावर बसत नसे. गडगड्याला फार वाईट वाटायचं.

राजाला एकुलती एक लेक, कुमुद. तिला सातवा महिना लागला, ती बाळंतपणाला माहेरी येणार होती. राजा म्हणाला, "माझ्या लेकीच्या पोटातलं पाणी हलता कामा नये. आठ दिवसांत सरळसोट रस्ता पाहिजे!"

मग खडी पडली. त्याला चालवणाऱ्या धोंडूतात्यांनी गडगड्या सुरू केला. धडधड, गडगड, रस्ता निघाला पुढे. पाचव्या दिवशी समोरून आवाज आला, "टिटिव टिव! टिटिव टिव!" टिटवी पंख पसरून चाकासमोर उभी! हिला घरटं बांधायचा भारी कंटाळा, बरं का. खडीतच चार अंडी घातलेली, खडीसारखीच ठिपक्यांची. तात्यांना ती दिसली नाहीत, पण गडगड्याला दिसली. तो जागीच थांबला.

मग तात्यांनी तेल घातलं. गडगड्या हलेना. दुसऱ्या दिवशी बारा बैल जुंपले. बैलांनीच बसकण मारली. तात्या डोक्याला हात लावून बसले. टिटवी तळ्यावर जाऊन पोट भिजवून यायची आणि उन्हानं तापलेली अंडी गार करायची. ती गेली की गडगड्या अंड्यांवर सावली धरायचा, टाकीतलं पाणी टिप टिप गाळायचा. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या जवळ राहिलं होतं. गडी खूश!

तिसऱ्या दिवशी राजा स्वतः आला, रागानं लालबुंद. "मोडीत काढा हे धूड! माझी लेक येतेय!"

तोवर समोरून कुमुदची पालखी आलीच. हादरे खाऊन बिचारी दमली होती. कमरेवर हात ठेवून ती खाली उतरली, आणि तिला अंडी दिसली. त्यातलं एक तर आतून टकटक करत होतं!

"बाबा, मोडीत कसलं काढता? हीसुद्धा बाळंतपणालाच आलीय. तुम्ही माझ्यासाठी रस्ता केलात, हा हिच्यासाठी थांबला."

राजाचे डोळे भरून आले. मग हळूच म्हणाला, "तात्या, रस्ता वळवा."

मग चार पिल्लं बाहेर आली. काडीसारखे पाय. तुरूतुरू पळाली ती थेट गडगड्याच्या चाकाला टेकून बसली. त्याच चाकाला, बरं का! गडगड्यानं आनंदानं अशी शिट्टी मारली, की तात्या दचकून उठले.

पुढे कुमुदला मुलगी झाली. टिटवीची पिल्लं मोठी झाली. गडगड्यानं वळसा घालून रस्ता पुरा केला. कुणी त्या वाटेनं निघालं की राजा आठवणीनं सांगायचा, "त्या वळणावर हळू जा. तिथं आमच्या दुसऱ्या लेकीचं माहेर आहे."

सगळी सुखात राहिली. टिटवी झोपली, गडगड्या झोपला. आता तुम्हीही डोळे मिटा बघू.