केरबा जावयाने उंच केलेली सीट

एका गावात एक भोळा जावई होता. गाव सासऱ्याचं होतं, भोळेपणा त्याचा स्वतःचा होता. नाव केरबा. अंगाने बुटका, मनाने निर्मळ आणि कामाला वाघ. सांगितलेलं काम तो कधी अर्धवट सोडत नसे. सगळा घोटाळा त्यामुळेच व्हायचा.

अधिक महिना लागला. या महिन्यात जावयाला सासरी बोलावतात, ओवाळतात, पुरणाचे धोंडे खाऊ घालतात. महिनाभर जावई म्हणजे घरी आलेला देव. देवाला कोणी ओरडत नाही. केरबाचा सासरा महिपती तर रीतीभातीला फार जपणारा माणूस. जावयाला टाकून बोलण्यापेक्षा त्याने स्वतःची जीभ चावली असती, आणि त्या महिन्यात ती त्याने पुष्कळदा चावली.

एसटी स्टँडसमोर महिपतीचं मोटरसायकलच्या सीटा करायचं दुकान होतं. फोम कापायचा, रेक्झिन ताणायचं, खालून पिना मारायच्या. घरी बसून खाण्याचा केरबाला दोन दिवसांत कंटाळा आला.

"मामा, मी दुकानात मदत करतो," तो म्हणाला.

महिपतीला ते नको होतं. पण देवाला नाही कसं म्हणायचं?

"या की जावईबापू. गिऱ्हाईक आलं तर काय पायजे ते इचारा आन् ते म्हनंल तसं करा. मी जरा बँकेत जाऊन येतो."

"एवढंच ना?" केरबा म्हणाला.

सासऱ्याची पाठ वळली आणि गिऱ्हाईक आलं. उद्धव वायरमन. हा माणूस इतका उंच होता की तो शिडी न लावता खांबावरचा दिवा बदलतो, असं गाव म्हणायचं. मोटरसायकलवर बसला की त्याचे गुडघे हँडलला भिडायचे. वळायचं झालं तर आधी गुडघा बाहेर काढायचा, मग हँडल फिरवायचं. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, नाकतोडाच गाडी चालवतोय.

आता गाडीवर कसंही बसलं म्हणून कोणाचं काय बिघडतं? पण उद्धवचं बिघडत होतं. वय छत्तीस झालं तरी लग्न जमत नव्हतं. मुलगी बघायला तो गाडीवरून जायचा. दारात गाडी थांबली की आतल्या बायका खिडकीतून बघायच्या, पदर तोंडाला लावून हसायच्या, आणि चहाच्या आधीच नकार यायचा. येत्या रविवारी भोकरवाडीची मुलगी बघायची होती. हे स्थळ हातचं गेलं तर पुन्हा कोणाच्या दारात जायचं नाही, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. बिचारा खरंच थकला होता.

"पाव्हणं, सीट उंच करून द्या," तो म्हणाला. "गुडघं लागत्यात."

"एवढंच ना?" केरबा म्हणाला.

शेजारी बांधकाम चाललं होतं. केरबाने विटा आणल्या. पुढच्या चाकाखाली विटा, मागच्या चाकाखाली विटा. सीट वीतभर उंच झाली. उद्धव स्टुलावर चढून बसला.

"लागत्यात का?"

"लागत्यात."

केरबाने आणखी विटा लावल्या. सीट उद्धवच्या छातीला आली. उद्धव स्टुलावर स्टूल ठेवून चढला.

"आता?"

"लागत्यातच की हो!"

"मग तुमचे गुडघेच तसे असतील," केरबा म्हणाला आणि आणखी विटा आणायला गेला.

महिपती परत आला तेव्हा उद्धव दुकानाच्या पत्र्याला डोकं टेकून बसला होता आणि खाली उतरवा म्हणून ओरडत होता. महिपतीने जीभ चावली. मग तो गोड आवाजात म्हणाला, "जावईबापू, लई झ्याक. फकस्त पुढच्या खेपेला गाडी जमिनीवरच राहू द्या. जिथं कमी पडतंय तिथं आतून फोम भरायचा, वरनं कव्हर घट्ट ताणायचं. आत काय हाय ते बाहेरनं कळता कामा नये."

"एवढंच ना?" केरबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी घरी धोंड्यांचा बेत होता. पुरण घालून कणकेचे गोळे वळायचे आणि वाफवायचे. सासूबाई चुलीपुढे बसून कुरकुरल्या, "पुरण कमी पडतंय वाटतं." आणि डाळ आणायला शेजारी गेल्या.

केरबाने ते ऐकलं होतं. कमी कुठे पडतंय? आत. मग आत काय भरायचं, ते त्याला ठाऊक होतं. त्याने दुकानातून फोम आणला, चेंडूएवढे तुकडे केले आणि वरून कणीक अशी ताणली की कुठे सुरकुती नाही. सासूबाई परत आल्या तो गोळे तयार. इतके गुळगुळीत धोंडे त्यांनी आयुष्यात पाहिले नव्हते.

जेवायला बसल्यावर महिपतीने पहिला धोंडा दुधात बुडवला. धोंड्याने ताटलीतलं सगळं दूध पिऊन टाकलं. महिपतीने तो तोंडात घातला आणि चावला. धोंडा दबला. महिपतीने दात उचलले. धोंडा पुन्हा फुगला. तो बराच वेळ चावत होता. सासूबाई घाबरून बघत होत्या. केरबाची बायको तारा ताटाकडे मान घालून हसू दाबत होती. शेवटी महिपती परसात जाऊन आला आणि पाणी प्यायला.

"जावईबापू, धोंडं लई झ्याक. फकस्त पुढच्या खेपेला दुसऱ्याला द्यायच्या आधी सोता बघावं. आपल्याला बरं वाटलं, तरच पुढं करावं."

"एवढंच ना?" केरबा म्हणाला.

शुक्रवारी उद्धव गाडी ठेवून गेला. म्हणाला, "मामा, परवा जायाचंय बघा. माझी अब्रू तुमच्या हातात हाय." महिपतीने फोमचा नवा थर चढवला, सीट छान उंच केली आणि रेक्झिन आणायला बाजारात गेला. जाताना सांगून गेला, "कशाला हात लावू नका बरं का जावईबापू. नुसती नजर ठेवा."

केरबाने नजर ठेवली. नजर ठेवता ठेवता त्याला सासऱ्याचं बोलणं आठवलं. दुसऱ्याला द्यायच्या आधी स्वतः बघावं. त्याने सीट गाडीवर ठेवली आणि वर चढून बसला. पाय लोंबकळले. बरं वाटेना. उतरला, थोडा फोम कापला. पुन्हा बसला. पाय अजून अधांतरी. आणखी कापला. फोम संपला तेव्हा त्याचे पाय जमिनीला टेकले. केरबाला फार बरं वाटलं.

संध्याकाळी उद्धव आला आणि बसला. गुडघे हँडल ओलांडून थेट कानांशी आले. दोन गुडघ्यांच्या मधून त्याने महिपतीकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं.

"मामा, मी चालतच जातो भोकरवाडीला," तो म्हणाला.

महिपतीला त्याची दया आली. त्याने जीभ चावली, पण या वेळी जरा रक्तच आलं. "जावईबापू, लई झ्याक. फकस्त पुढच्या खेपेला ज्याचं त्याचं माप घ्या. उभ्यानं न्हाई. त्याला खाली बसवायचं, आन् मग माप घ्यायचं."

"एवढंच ना?" केरबा म्हणाला.

त्याच संध्याकाळी सासूबाईंनी कपडे वाळत घालायला अंगणात दोरी बांधायला सांगितली. केरबाने सासूबाईंना खाली बसवलं, माप घेतलं आणि दोरी बांधली. रात्री वाळत टाकलेल्या लुगड्यांवरून सकाळी कोंबड्या चालल्या. सासूबाईंनी ती पुन्हा धुतली आणि दोरी फार मजबूत आहे, असं म्हणाल्या.

शनिवारी महिपतीने ठरवलं की सीट आपण स्वतःच करायची. केरबाला समोर स्टुलावर बसवलं आणि म्हणाला, "आज तुम्ही फकस्त बघा. शिकून घ्या."

केरबा डोळे फाडून बघत राहिला. महिपतीने उद्धवला बोलावून गाडीवर बसवलं. मांडीपासून पायापर्यंत माप घेतलं. खाली कडक फोम, वर मऊ फोम. जिथे जास्त होता तिथला कोरून काढला. "मऊ कशाला?" केरबाने विचारलं. "मानूस हळूहळू खाली गेला पायजे," महिपती म्हणाला. "एकदम आदळला तर कंबर मोडंल." मग रेक्झिन ताणलं आणि पिना मारल्या.

उद्धव बसला. गुडघे हँडलच्या खाली राहिले. त्याने हँडल इकडे वळवलं, तिकडे वळवलं. कुठेच काही लागलं नाही. त्याने खाली उतरून महिपतीला मिठीच मारली.

रविवारी तो भोकरवाडीला ताठ बसून गेला. खिडकीतून कोणी हसलं नाही. चंद्रकला नावाची मुलगी, ठेंगणीशी, बोलायला धीट. तिने पोह्यांची बशी पुढे केली आणि मान वर करत करत नजर त्याच्या तोंडापर्यंत नेली. "बरंच वर हायसा," ती म्हणाली आणि हसली. उद्धवही हसला. लग्न ठरलं.

अधिक महिन्यात लग्नं होत नाहीत, म्हणून पुढच्या महिन्यातली तारीख धरली. उद्धवने महिपतीच्या घरी आमंत्रण दिलं. जावयासकट. केरबाही तोवर आपल्या गावी गेलेला नव्हता, कारण जा म्हणून त्याला कोण सांगणार?

भोकरवाडीला चंद्रकलाच्या अंगणात मांडव पडला होता. सकाळी नवरीची आजी सगळ्यांना ऐकवत फिरत होती, "नवरा केवढा उंच गं बाई! हार घालायला पोरीचा हात पोचायचा कसा? कुनी उचलाया जाल आन् पाडाल माझ्या पोरीला. काय तरी करा."

केरबा पुढे झाला. "आजी, उंचीचं काम ना? आमचा धंदाच आहे तो."

आजीने त्याला दुवा दिला. केरबाने चंद्रकलाला पाटावर बसवलं आणि जमिनीपासून तिच्या गळ्यापर्यंत माप घेतलं. नवऱ्याचा गळा इथे आला पाहिजे. मग फावडं मागून घेतलं. जास्त असेल तिथलं काढायचं. पण नवरदेव काही कापता येत नाही, म्हणून त्याने जमीन काढली. नवरदेवाच्या जागी चांगला खोल खड्डा घेतला. दुकानातला उरलेला मऊ फोम त्याने आहेरात द्यायला म्हणून बरोबर आणलाच होता. तो आत भरला. वर लाल जाजम ताणलं, कडांना सैल सोडलं, मध्ये सुरकुती दिसू दिली नाही. त्यावर नवरदेवाचा पाट ठेवला.

महिपतीने लांबून केरबाच्या हातातलं फावडं पाहिलं आणि धावत आला. "जावईबापू, काय करताय?"

"तुम्ही शिकवलं तेच," केरबा अभिमानाने म्हणाला.

महिपतीने विचार केला. जाजम सरळ होतं. पाट जागेवर होता. काही मोडलेलं दिसत नव्हतं. तो जाऊन बसला, पण जाजमावरून त्याची नजर हटेना.

मुहूर्ताची वेळ झाली. उद्धव पाटावर उभा राहिला. "पाट जरा मऊ लागतोय," तो म्हणाला. "नवरदेवाचा असतो तसा," मागे उभा असलेला त्याचा सख्खा मामा म्हणाला. अंतरपाट धरला. पलीकडे चंद्रकला उभी राहिली. एरवी अंतरपाटाआड नवरा दिसत नाही, पण उद्धव छातीपासून वर सगळा दिसत होता. लोक हसले. आजीने कपाळावर हात मारला.

भटजींनी पहिलं मंगलाष्टक म्हटलं. अक्षता पडल्या. उद्धवचे खांदे अंतरपाटाआड गेले.

दुसरं झालं. हनुवटी गेली. "भटजी," उद्धव हळूच म्हणाला. "मध्ये बोलू नये," भटजी म्हणाले.

तिसऱ्याला फक्त डोळे राहिले. ते मोठे झाले होते. चौथ्याला नुसता फेटा. पाचव्याला फेट्याचा तुरा. "शुभमंगल सावधान!" भटजी गरजले, वाजंत्री कडाडली, तुरा गेला आणि अंतरपाट दूर झाला.

समोर नवरदेव नव्हता.

 वाजंत्र्यांनी वाजवायचं थांबवलं. मग जमिनीच्या जवळून आवाज आला, "मी हितं हाय."

सगळ्यांनी खाली पाहिलं. खड्ड्यात बरगड्यांपर्यंत रुतलेला उद्धव हातात हार धरून वर बघत होता. त्याचं तोंड अगदी एवढंसं झालं होतं. इतक्या दारांतून हसून परत पाठवलेला माणूस तो. आता तर मांडवातच हसं झालं होतं.

"चंद्रकला," तो म्हणाला, "न्हाई म्हनू नका. एवढ्या येळी न्हाई म्हनू नका."

चंद्रकलाने खाली पाहिलं. मग तिने पदर सावरला, गुडघे टेकले, आणि त्याच्या गळ्यात हार घातला. हात अगदी बरोबर पोचला.

"न्हाई कशी म्हनू?" ती म्हणाली. "एवढी सोय कुठल्या नवरीची करत्यात?" आणि ती इतकी हसली की तिच्या मुंडावळ्या सुटल्या. मग उद्धव हसला. आजी हसली. सगळा मांडव हसला. महिपतीही डोळे पुसत हसायला लागला. केरबाला वाटलं, लोकांना काम आवडलं.

भटजींनी घड्याळ पाहिलं. "चला, आटपा," ते म्हणाले. "आता दोघांनी सप्तपदी चालायची. नवरदेवाला बाहेर काढा कोणीतरी."

"बाहेर कशाला काढता?" केरबा म्हणाला. "पुन्हा उंच होतील."

आणि त्याने फावडं उचललं, उद्धवच्या पुढ्यातलं जाजम बाजूला सारलं, आणि सात पावलांचा चर खणायला सुरुवात केली.